इक्लिप्समधली एक्सएमएलची अवजारे हातची जाऊ नयेत म्हणून

युनिकोडच्या सीएलडीआर या, भाषांची माहिती जमवणाऱ्या प्रकल्पात मराठीची एक फाइल आहे, ‘एमआर डॉट एक्सएमएल’. ती एक्सएमएलमध्ये, म्हणजे मजकुराचा प्रत्येक भाग कंसातल्या खुणांनी (टॅगनी) वेढून लिहिलेली आहे. फोनवर ‘फेब्रुवारी’ कसे लिहायचे, वारांची लघुरूपे कोणती, आकडे देवनागरी असावेत की रोमन, हे ज्या माहितीवरून ठरते ती इथे नोंदलेली असते. कोकणीची फाइलही तिच्याच शेजारी आहे. ही फाइल इक्लिप्समध्ये, म्हणजे प्रोग्रॅम लिहिण्याच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये, उघडली की दोनपैकी एक गोष्ट होते. एक तर टॅग रंगीत दिसतात, बाजूच्या आउटलाइनमध्ये फाइलचे झाड उभे राहते आणि कंट्रोल-स्पेस दाबले की इथे कोणता टॅग चालेल याची यादी समोर येते. नाही तर सगळा मजकूर काळ्या अक्षरांत सपाट पसरतो, आणि एखादा टॅग बंद करायचा राहिला तरी कोणी टोकत नाही.

इक्लिप्स तेच, फाइल तीच. सपाट मजकूर दिसतो त्या मशीनवर एक्सएमएलचे प्लगइन, म्हणजे वरून जोडायचा भाग, नाही, एवढाच फरक. एक्सएमएल एडिटर हा इक्लिप्सच्या गाभ्याचा भाग कधीच नव्हता. तो वेगळ्या प्रकल्पातून येतो, वेगळ्या लोकांच्या मेहनतीवर चालतो, आणि इक्लिप्सच्या कोणत्या पॅकेजमध्ये (तयार संचात) तो घालायचा हे दर वेळी कोणीतरी ठरवत असते. म्हणून ‘एकदा इन्स्टॉल केले, झाले’ एवढ्यावर भागत नाही. तो बसवायचा कसा, नीट चालतोय हे तपासायचे कसे, आणि मुख्य म्हणजे तीन वर्षांनी, इंटरनेट नसलेल्या मशीनवरही तो मिळेल अशी सोय कशी करायची, हे इथे क्रमाने सांगतो.

दोन घराणी

इक्लिप्समध्ये एक्सएमएलसाठी आज दोन वेगळी अवजारे आहेत. त्यांची सरमिसळ झाली की गोंधळ सुरू होतो, म्हणून आधी त्यांची ओळख.

पहिले जुने. आयबीएमने २००१ मध्ये इक्लिप्सचा कोड खुला केला, २००४ मध्ये इक्लिप्स फाउंडेशन उभे राहिले आणि २००५ च्या डिसेंबरमध्ये वेब टूल्स प्लॅटफॉर्मची १.० आवृत्ती आली. तिच्यातल्या सोर्स एडिटिंग या भागात एक्सएमएल, डीटीडी आणि एक्सएसडीचे एडिटर आहेत. डीटीडी आणि एक्सएसडी (स्कीमा) हे फाइलमध्ये कोणता टॅग कुठे चालेल याचे नियम लिहिण्याचे दोन प्रकार. इन्स्टॉल करताना यादीत ते ‘इक्लिप्स एक्सएमएल एडिटर्स अँड टूल्स’ या नावाने दिसतात. खाली ‘डिझाइन’ आणि ‘सोर्स’ असे दोन टॅब असतात. एक्सएसडीचा आराखडा चित्रात मांडून दाखवणारा एडिटर यातच आहे. एक्सएसएलटी (एक्सएमएलचे दुसऱ्या रूपात रूपांतर करणारी भाषा) चालवण्याची साधने ‘एक्सएसएल डेव्हलपर टूल्स’ म्हणून वेगळी मिळतात.

दुसरे नवे. मायक्रोसॉफ्टने २०१६ च्या जूनमध्ये रेड हॅट आणि कोडेन्व्ही या कंपन्यांसोबत लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल जाहीर केला. भाषेची समज एका वेगळ्या प्रोग्रॅमकडे सोपवायची आणि एडिटरने त्याला फक्त प्रश्न विचारायचे, ही त्यामागची कल्पना. एक्सएमएलसाठी असा सर्व्हर २०१८ मध्ये एलएसपी-फोर-एक्सएमएल या नावाने सुरू झाला. पुढे तो इक्लिप्स फाउंडेशनमध्ये आला आणि त्याचे नाव लेमिंक्स झाले. व्हीएस कोड या मायक्रोसॉफ्टच्या एडिटरसाठीचे रेड हॅटचे एक्सएमएल एक्स्टेन्शन याच्याच जोरावर चालते. इक्लिप्समध्ये तो ‘वाइल्ड वेब डेव्हलपर’ या प्लगइनमार्फत येतो. या प्लगइनच्या एचटीएमएल, जावास्क्रिप्टच्या भागाला नोड (जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्रॅम) लागते. एक्सएमएलच्या भागाला लागत नाही, त्याला जावा पुरते.

कोणते घ्यावे? रोजच्या कामात मला लेमिंक्स बरा वाटतो: चुका लवकर दाखवतो, एकाच वेळी उघडणारा आणि बंद होणारा टॅग बदलू देतो, रिलॅक्स-एनजी स्कीमाही ओळखतो. पण स्कीमा चित्रात पाहायचा असेल किंवा डिझाइन टॅबच्या तक्त्यात माहिती भरायची असेल, तर जुन्याला पर्याय नाही. ज्यांच्या कामात स्कीमा लिहिणे येते त्यांनी दोन्ही ठेवावेत. जुने म्हणून पहिले काढून टाकू नये.

पायरी पहिली: आपल्याकडे काय आहे ते पाहा

‘हेल्प’ मेनूतून ‘अबाउट’ उघडा, तिथे ‘इन्स्टॉलेशन डिटेल्स’ हे बटण आहे. ‘इन्स्टॉल्ड सॉफ्टवेअर’च्या यादीत वरच्या चौकटीत ‘एक्सएमएल’ टाइप करा. काही आले नाही तर पॅकेजच्या नावाशेजारचा बाण उघडून आतही पाहा, कारण पॅकेजसोबत आलेली प्लगइन्स त्याच्या पोटात असतात. दोन्हींपैकी जे असेल त्याचा आवृत्ती क्रमांक लिहून ठेवा. इक्लिप्सची आवृत्ती आणि ते कोणत्या जावावर चालते हेही त्याच कागदावर नोंदवा. ही चार ओळींची नोंद पुढे फार उपयोगी पडते.

जावाची नोंद कशासाठी? २०२०-०९ या आवृत्तीपासून इक्लिप्सला जावा ११ लागू लागले आणि २०२२-०९ पासून जावा १७. प्लगइन नव्या जावासाठी बांधलेले असेल आणि तुमचे इक्लिप्स जुन्या जावावर चालत असेल, तर प्लगइन बसत तरी नाही किंवा बसूनही जागे होत नाही. २०२०-०९ पासून पॅकेजसोबत जावा आपोआप येते, त्यामुळे हा त्रास बराच कमी झाला आहे. तरी ज्यांनी इक्लिप्सला मुद्दाम स्वतःचा जावा दिला आहे, त्यांनी हे बघावेच.

लिनक्स वापरणाऱ्यांसाठी एक गोष्ट. डेबियन या लिनक्सच्या वितरणाची ९ वी आवृत्ती २०१७ मध्ये आली, तेव्हाही त्यात इक्लिप्स २०१२ चे ३.८ होते, आणि डेबियन १० मध्ये तर ते पॅकेजच उरले नाही. वितरणाच्या पॅकेजवर विसंबू नका. इक्लिप्सच्या संकेतस्थळावरूनच संकुचित फाइल उतरवून घ्या आणि आपल्या होम फोल्डरमध्ये उलगडा.

पायरी दुसरी: बसवणे

‘हेल्प’ मेनूत ‘इन्स्टॉल न्यू सॉफ्टवेअर’ निवडा. वरच्या ‘वर्क विथ’ या चौकटीत तुमच्या आवृत्तीची साइट निवडा. २०१८ च्या सप्टेंबरपासून इक्लिप्स दर तीन महिन्यांनी येते आणि साइटचे नावही वर्ष-महिना असेच असते. इथे ‘लेटेस्ट’ हा पत्ता निवडण्याचा मोह होतो. तो टाळा. तुमचे इक्लिप्स २०२२-०९ चे असेल तर प्लगइनही २०२२-०९ च्याच साइटवरून घ्या. एका आवृत्तीतली सगळी प्लगइन्स एकमेकांसोबत तपासून बाहेर पडलेली असतात. ‘लेटेस्ट’वरून एखादे घेतले की ते आपल्यासोबत गाभ्याचे नवे तुकडे ओढून आणते, आणि मग महिनाभराने भलतेच काहीतरी बिघडते.

खालच्या गाळणीत ‘एक्सएमएल’ टाइप केले की वेब आणि एक्सएमएलच्या गटात ‘इक्लिप्स एक्सएमएल एडिटर्स अँड टूल्स’ आणि ‘वाइल्ड वेब डेव्हलपर’चा एक्सएमएल भाग दिसतो. हवे ते निवडा, ‘नेक्स्ट’, परवाना मान्य करा, पुढे प्रमाणपत्रावर विश्वास ठेवायचा का असे विचारले तर कोणाचे प्रमाणपत्र आहे ते वाचून हो म्हणा. इक्लिप्स बंद होऊन पुन्हा सुरू होईल.

इंटरनेट मंद असेल तर त्याच खिडकीत तळाला, बसवताना सगळ्या साइटशी संपर्क साधायचा का, अशी एक खूण असते. ती काढा. बऱ्याचदा अर्धा-पाऊण तास अडकलेले काम त्याने मार्गी लागते.

आणि ‘ड्रॉपइन्स’ नावाच्या फोल्डरमध्ये प्लगइनच्या फायली टाकून काम भागवू नका. ती प्लगइन्स नेहमीच्या नोंदीत धड येत नाहीत, त्यांची अवलंबने (त्यांना लागणारी इतर प्लगइन्स) पुरी आहेत की नाहीत हे कोणी सांगत नाही, आणि मोडले तर मागे जाण्याची वाट राहत नाही.

पायरी तिसरी: कोणती फाइल कोणाच्या हाती

दोन्ही अवजारे बसवली की प्रश्न येतो, डबल-क्लिक केल्यावर कोण उघडणार? ‘प्रेफरन्सेस’मध्ये ‘जनरल’, ‘एडिटर्स’, ‘फाइल असोसिएशन्स’ असे जा. तिथे एक्सएमएल निवडून खालच्या यादीतल्या हव्या त्या एडिटरला ‘डिफॉल्ट’ करा. नवा म्हणजे यादीतला ‘जेनेरिक टेक्स्ट एडिटर’. एखाद्याच फाइलपुरता दुसरा हवा असेल तर राइट-क्लिक करून ‘ओपन विथ’ पुरे.

दोन्ही असताना एकच चूक दोनदा दिसणे नेहमीचे. दोघेही आपापली तपासणी करत असतात. ‘प्रेफरन्सेस’मधल्या ‘व्हॅलिडेशन’ पानावर जुन्याचा ‘एक्सएमएल व्हॅलिडेटर’ बंद केला की दुहेरी शेरे थांबतात. मात्र प्रोजेक्टमधल्या न उघडलेल्या फायलीही एका झटक्यात तपासायच्या असतील तर तो चालू ठेवा.

आणखी एक, आणि हे अनेकांना माहीत नसते. पुष्कळ फायली आतून एक्सएमएल असतात, पण त्यांच्या नावाच्या शेवटी वेगळेच काही असते. क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरची क्यूजीएस फाइल घ्या. इक्लिप्सला ती एक्सएमएल म्हणून ओळखायला शिकवता येते: ‘जनरल’मधल्या ‘कंटेंट टाइप्स’ पानावर ‘टेक्स्ट’ उघडून ‘एक्सएमएल’ निवडा आणि ‘ॲड’ करून फाइलच्या नावाचा शेवट तिथे नोंदवा. मग त्या फायलींनाही रंग, तपासणी, सूचना सगळे मिळते.

पायरी चौथी: डीटीडी आणि स्कीमा आपल्या घरात आणा

एडिटर हाताशी असूनही मुका बसण्याचे सर्वांत मोठे कारण प्लगइनमध्ये नसते. ते असते डीटीडी किंवा स्कीमा न सापडण्यात. कंट्रोल-स्पेसने येणारी यादी आकाशातून पडत नाही, ती स्कीमातून येते. फाइलच्या डोक्यावर ‘व्याकरणाचा संदर्भ नाही’ अशा अर्थाची सूचना दिसत असेल, तर एडिटर सांगतोय की माझ्या हातात नियम नाहीत.

सीएलडीआरच्या फाइलवर हे लगेच पडताळता येते. ‘एमआर डॉट एक्सएमएल’च्या सुरुवातीला डीटीडीचा पत्ता सापेक्ष आहे: दोन फोल्डर वर जा, तिथून ‘कॉमन’मधल्या ‘डीटीडी’ फोल्डरमध्ये या. संपूर्ण भांडार उतरवून फाइल जागच्या जागी उघडलीत तर सूचना मिळतात. तीच फाइल एकटी उचलून डेस्कटॉपवर आणलीत तर पत्ता चुकतो आणि एडिटर गप्प होतो. (ही फाइल वाचायला आणि समजून घ्यायला घ्या. मराठीच्या नोंदींत बदल सुचवायचा तर त्याची वाट सीएलडीआरच्या सर्व्हे टूलमधून जाते.)

बऱ्याच फायलींत मात्र पत्ता इंटरनेटवरचा असतो. मेव्हन या जावा प्रकल्प बांधण्याच्या साधनाच्या पॉम फाइलमध्ये अपाचेच्या संकेतस्थळावरचा स्कीमा असतो, जुन्या एक्सएचटीएमएलमध्ये वेबची प्रमाणके ठरवणाऱ्या डब्ल्यू-थ्री-सीचा. इंटरनेट गेले की तपासणी गेली. ही नुसती आपली गैरसोय नाही. २००८ च्या फेब्रुवारीत डब्ल्यू-थ्री-सीने जाहीरपणे लिहिले होते की त्यांच्या डीटीडीसाठी दिवसाला १३ कोटींपर्यंत विनंत्या येतात, कारण जगभरचे प्रोग्रॅम वर्षानुवर्षे न बदललेली तीच फाइल पुन:पुन्हा मागत राहतात.

यावर उपाय एक्सएमएल कॅटलॉगचा. ‘हा पत्ता दिसला तर इंटरनेटवर जाऊ नको, ही इथली फाइल घे’ असे सांगणारी ती एक छोटी यादी असते. ओएसिस या प्रमाणके ठरवणाऱ्या संस्थेने २००५ मध्ये तिची १.१ आवृत्ती प्रमाणित केली. ‘प्रेफरन्सेस’मध्ये ‘एक्सएमएल’खाली ‘एक्सएमएल कॅटलॉग’ हे पान आहे. ‘ॲड’ दाबा, स्कीमाची स्थानिक फाइल निवडा, किल्लीचा प्रकार ठरवा आणि किल्ली म्हणून फाइलमध्ये असलेला पत्ता जसाच्या तसा घाला. एक तिरकी रेघ कमी-जास्त झाली तरी जुळणार नाही, म्हणून टाइप न करता कॉपीच करा.

माझा आग्रह पुढच्या पद्धतीचा आहे. अशा नोंदी प्रत्येकाच्या इक्लिप्समध्ये हाताने भरू नका. प्रोजेक्टमध्ये ‘स्कीमा’ असे एक फोल्डर करा, लागणाऱ्या सगळ्या डीटीडी आणि एक्सएसडी त्यात ठेवा, शेजारी कॅटलॉगची फाइल ठेवा आणि तिच्यात सापेक्ष पत्ते लिहा. हे सगळे गिटमध्ये (बदलांची नोंद ठेवणाऱ्या सामायिक भांडारात) जाऊ द्या. मग प्रत्येकाने आपल्या इक्लिप्समध्ये ‘नेक्स्ट कॅटलॉग’ म्हणून ही एक फाइल जोडली की काम झाले. वाइल्ड वेब डेव्हलपरच्या ‘एक्सएमएल’ पानावरही कॅटलॉगची जागा आहे, तिथे हीच फाइल द्या. दोन्ही अवजारे एकाच यादीवर चालतात, आणि उद्या कोणी व्हीएस कोड वापरले तर त्यालाही ती चालते.

त्याच पानावर बाहेरची साधने उतरवून घेण्याची आणि बाह्य एंटिटी (बाहेरचा मजकूर फाइलमध्ये आणणारी खूण) उलगडण्याची परवानगी असते. दुसरी बंदच ठेवा. परक्या माणसाने पाठवलेल्या फाइलमधली एंटिटी तुमच्या डिस्कवरची फाइल आत ओढू शकते, हा एक्सएमएलमधला जुना आणि खरा धोका आहे.

पायरी पाचवी: देवनागरीची परीक्षा

मराठीत काम करणाऱ्यांनी ही पायरी गाळू नये. एक नवी फाइल करा आणि हे लिहा:

<शब्दकोश>
  <नोंद क्रमांक="१">
    <शब्द>झिमझिम</शब्द>
    <अर्थ>बारीक पडणारा पाऊस</अर्थ>
  </नोंद>
</शब्दकोश>

हो, टॅगची नावे मराठीत. १९९८ च्या पहिल्या एक्सएमएलपासून याला मुभा आहे. डोक्यावर आवृत्ती आणि संकेतन सांगणारी घोषणेची ओळ नाही तरीही ही फाइल नियमात बसते, कारण घोषणा नसेल तर मजकूर यूटीएफ-८ या युनिकोडच्या संकेतनात आहे असे धरले जाते. आता तपासा: टॅग रंगीत झाले का? शेवटची ओळ पुसली तर लाल खूण येते का? कंट्रोल-शिफ्ट-एफ दाबल्यावर ओळी नीट आत सरकतात का? जतन करून, इक्लिप्स बंद करून पुन्हा उघडल्यावर ‘झिमझिम’ तसेच दिसते का? ही चारही उत्तरे ‘हो’ असतील तर तुमचे अवजार निरोगी आहे. लेमिंक्स असेल तर मुळाच्या टॅगवर त्याच्या सूचनेतूनच डीटीडी किंवा एक्सएसडी तयार करून घेता येते; ती करा आणि मग दुसरी नोंद लिहिताना कंट्रोल-स्पेस दाबून मराठी टॅगची यादी येते का तेही पाहा.

अडचणी बहुधा तीन ठिकाणी येतात.

एक, जुन्या घोषणा. फाइलच्या डोक्यावर आयएसओ-८८५९-१ असे, म्हणजे युरोपीय अक्षरांचे जुने संकेतन, लिहिलेले असेल आणि तुम्ही तिच्यात मराठी घातलेत, तर जतन करताना काही अक्षरे त्या संकेतनात बसत नाहीत असा संदेश येतो. आधी घोषणेत यूटीएफ-८ लिहा, मग जतन करा. उलटे केलेत तर घोषणा एक सांगेल आणि आतले बाइट दुसरे, आणि पुढचा वाचणारा प्रोग्रॅम अडकेल. युनिकोडपूर्व फॉन्टांच्या काळातल्या फायलींत नुसती घोषणा बदलून भागत नाही. त्या आधी युनिकोडमध्ये रूपांतरित कराव्या लागतात. वर्कस्पेसचे (इक्लिप्समधल्या आपल्या कामाच्या फोल्डरचे) संकेतनही ‘जनरल’, ‘वर्कस्पेस’ या पानावर पाहून घ्या. २०२२-०६ पासून नव्या वर्कस्पेसला ते आपोआप यूटीएफ-८ असते, त्याआधी विंडोजवर तसे नव्हते.

दोन, न दिसणारी अक्षरे. ‘दुसऱ्या’ या शब्दातला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो. एकात ‘ऱ’ (यू+०९३१) आणि हलन्त असतो, दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि त्यामागे झेडडब्ल्यूजे (यू+२००डी) हे अदृश्य अक्षर. डोळ्यांना दोन्ही सारखेच, एक्सएमएलला मात्र दोन वेगळे शब्द. मजकुरात याने फक्त शोध चुकतो. टॅगच्या किंवा गुणधर्माच्या नावात मात्र फाइलच अडते, कारण नावांमध्ये झेडडब्ल्यूजेला परवानगी मिळाली ती २००८ च्या पाचव्या आवृत्तीत, आणि सगळे पार्सर (एक्सएमएल वाचणारे प्रोग्रॅम) तिथवर आलेले नाहीत. नियम करून टाका: नावांमध्ये झेडडब्ल्यूजे नको.

तीन, फॉन्ट. कोडसाठीच्या समान रुंदीच्या बहुतेक फॉन्टांत देवनागरी नसते. मग यंत्रणा कुठून तरी दुसरा फॉन्ट उसना आणते आणि मात्रा ओळीच्या वर कापल्या जातात. ‘कलर्स अँड फॉन्ट्स’ पानावर टेक्स्ट फॉन्ट बदलून ओळीची उंची पुरेशी असलेला निवडा. मराठी अक्षरे खाली-वर एका रांगेत येण्याची अपेक्षा मात्र सोडा. जोडाक्षरांची रुंदी वेगवेगळीच राहणार.

पायरी सहावी: जपून ठेवणे

चारेक वर्षांपूर्वी एका महाविद्यालयात एक्सएमएलची कार्यशाळा घ्यायची होती. प्रयोगशाळेत इंटरनेट नव्हते, म्हणून सगळी प्लगइन्स बसवलेले माझे इक्लिप्सचे फोल्डर पेनड्राइव्हवर नेले. तिथे एकाही मशीनवर ते उघडले नाही. फोल्डर आकाराने अगदी लहान होते, ते माझ्या लक्षात यायला हवे होते. मी इक्लिप्स इन्स्टॉलर वापरला होता, आणि तो प्लगइन्स त्या फोल्डरमध्ये ठेवत नाही. ती होम फोल्डरमधल्या ‘डॉट पी-टू’ या लपलेल्या फोल्डरात, ‘बंडल पूल’ नावाच्या सामायिक कोठारात जातात. मी नेले ते नुसते टरफल होते. वीस विद्यार्थी समोर बसलेले, आणि दोन तास फळ्यावर टॅग काढून शिकवावे लागले.

तेव्हापासून नेण्याजोगी प्रत करायची तर इन्स्टॉलर वापरत नाही. पॅकेजची संकुचित फाइल उतरवतो, डाउनलोडच्या पानावरचा एसएचए-५१२ (फाइल जशीच्या तशी उतरली का हे पडताळण्याचा आकडा) जुळवून पाहतो, उलगडतो, एक्सएमएलची प्लगइन्स बसवतो, शब्दकोशाची चाचणी घेतो आणि मग तो अख्खा फोल्डर पुन्हा संकुचित करून दोन ठिकाणी ठेवतो. इन्स्टॉलरच हवा असेल तर त्याच्या मेनूतला बंडल पूलचा पर्याय आधी बंद करा. विंडोजची प्रत लिनक्सवर चालत नाही, म्हणून जेवढ्या प्रणाली तेवढ्या प्रती.

गटातल्या सगळ्यांकडे सारखीच प्लगइन्स हवी असतील तर ‘फाइल’ मेनूतल्या ‘एक्स्पोर्ट’मध्ये ‘इन्स्टॉल’खाली बसवलेल्या गोष्टींची यादी फाइलमध्ये काढण्याची सोय आहे. त्या पी-टू-एफ फाइलमध्ये प्लगइनची नावे, आवृत्त्या आणि साइटचे पत्ते असतात. ती गिटमध्ये ठेवा. नवा माणूस आला की त्याने ‘इम्पोर्ट’ करावी. पण यात प्लगइन नसते, फक्त पत्ता असतो, हे विसरू नका. साइट हलली की फाइल निकामी.

आणि साइट हलतात. इक्लिप्सच्या जुन्या आवृत्त्या काही काळाने अर्काइव्हच्या सर्व्हरवर जातात. म्हणून मोठ्या कामासाठी साइटचीच प्रत आपल्याकडे हवी. वेब टूल्स प्लॅटफॉर्म आपल्या डाउनलोड पानावर संपूर्ण साइट एकाच संकुचित फाइलमध्ये देतो. ती घ्या, आणि बसवताना ‘इन्स्टॉल न्यू सॉफ्टवेअर’मध्ये ‘ॲड’, मग ‘अर्काइव्ह’ असे करून ती फाइल दाखवा. गाभ्यातले जे तुकडे ती मागेल ते तुमच्या इक्लिप्समध्ये आधीच असायला हवेत, म्हणून आवृत्ती जुळणे इथे दुप्पट महत्त्वाचे. जिथे पन्नास मशीनना अंतर्गत सर्व्हरवरून पुरवठा करायचा आहे तिथे पी-टूची, म्हणजे इक्लिप्सच्या प्लगइन बसवणाऱ्या यंत्रणेची, मिरर (साइटची प्रत करणारी) साधने वापरा. ती दोन असतात, एक मेटाडेटासाठी आणि एक प्रत्यक्ष फायलींसाठी. एकच चालवले तर यादी दिसते पण माल नसतो. अख्ख्या आवृत्तीचा आरसा ठेवण्याची गरज नाही: अँट या, कामे आपोआप करून घेण्याच्या साधनासाठीच्या मिरर कामात हव्या त्या फीचरचे (प्लगइन-गटाचे) नाव दिले की ते आणि त्याची अवलंबने एवढेच उतरते.

पायरी सातवी: नाहीसे झाले तर

अपडेटनंतर एडिटर गायब झाला तर पुन्हा इन्स्टॉल करण्याची घाई नको. ‘इन्स्टॉलेशन डिटेल्स’मध्ये ‘इन्स्टॉलेशन हिस्टरी’ हा टॅब आहे. प्रत्येक बदलाच्या वेळची स्थिती तिथे तारखेसह असते. काल चालत होते ती तारीख निवडा, काय निघाले ते खाली दिसते, ‘रिव्हर्ट’ दाबा. बहुतेक वेळा एवढ्याने परत येते.

प्लगइन यादीत आहे पण फाइल साधीच उघडते? मग पायरी तिसरीकडे जा, नाते तुटले असणार. एडिटर उघडतो पण लाल चौकटीत त्रुटी दाखवतो? ‘एरर लॉग’ उघडा, सर्वांत वरची नव्हे तर सर्वांत आधीची त्रुटी वाचा. जावाच्या आवृत्तीची तक्रार असेल तर तिथेच लिहिलेली सापडते. नव्या वर्कस्पेसमध्ये तीच फाइल उघडून पाहणे ही आणखी एक सोपी कसोटी आहे: तिथे चालली तर दोष जुन्या वर्कस्पेसच्या सेटिंगमध्ये आहे, प्लगइनमध्ये नाही.

उगमापाशी

हे सगळे आपल्या अंगणातले झाले. पण अवजार खरे टिकते ते प्रकल्पात. दर तिमाहीच्या एकत्रित आवृत्तीत प्रत्येक प्रकल्पाला आपला वाटा स्वतः नोंदवावा लागतो. ती सगळी योगदाने एकत्र करून, प्रत्येकाची अवलंबने पुरी होतात का, हे यंत्र तपासते. एखाद्याची झाली नाहीत आणि दुरुस्त करायला कोणी पुढे आले नाही, तर तो वाटा बाजूला ठेवावा लागतो. एडिटर ‘अचानक’ नाहीसा होतो तो असा, आणि त्याआधी कित्येक आठवडे ती गोष्ट सर्वांसमोर उघड असते.

म्हणून आपल्याला करता येण्याजोगे सर्वांत मोलाचे काम फार सोपे आहे. प्रत्येक आवृत्तीआधी एम-१, एम-२, एम-३ आणि मग आरसी-१, आरसी-२ असे चाचणीचे टप्पे बाहेर पडतात. एम-३ उतरवा, वेगळ्या फोल्डरमध्ये उलगडा, रोजच्या कामाला हात न लावता शब्दकोशाची ती सहा ओळींची फाइल त्यात उघडा. देवनागरी टॅगवर काही बिघडलेले दिसले तर गिटहबवर त्या प्रकल्पाकडे तक्रार नोंदवा आणि तीच फाइल जोडा, तुमची खरी दोन हजार ओळींची नको. आवृत्ती, जावा, प्रणाली आणि काय दाबल्यावर काय झाले एवढे लिहा. दुरुस्ती स्वतःच पाठवायची असेल तर इक्लिप्सच्या योगदान करारावर ऑनलाइन सही करावी लागते; ती तीन वर्षे चालते, मग नव्याने करावी लागते. देवनागरी टॅगची चाचणी प्रकल्पाच्या स्वयंचलित चाचण्यांत घालता आली तर आणखी उत्तम. पुढच्या वेळी कोणी नकळत ती गोष्ट मोडली, तर ते आवृत्ती बाहेर पडण्याआधीच लाल होऊन दिसेल.